जाहिरातीतली वयाची ओळ

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी सांगितलं, ‘कॉम्प्युटरमधलं काहीतरी बोल.’ मी बोलणार आहे तिथल्या माणसांच्या वयाबद्दल. आपण सगळेच आता चाळिशी ओलांडलेले आहोत, तेव्हा विषय घरचाच आहे.

सॉफ्टवेअरमध्ये चाळिशी म्हणजे म्हातारपण समजतात. मागे एका कंपनीत माझी मुलाखत चांगली झाली. शेवटी विचारलं, ‘आमची टीम फार तरुण आहे, तुम्हाला जमेल का?’ नेमकं काय जमणार नाही, ते मात्र सांगितलं नाही.

गंमत बघा. आपल्या देशात या व्यवसायाचा पाया घालणारे फकीरचंद कोहली यांचा जन्म १९२४ चा. १९६९ मध्ये ते मुंबईत टाटा कन्सल्टन्सीत आले, तेव्हा पंचेचाळिशीत होते. त्याआधी टाटांच्या वीज कंपनीत इंजिनिअर. सत्तरी उलटल्यावर त्यांनी निरक्षर प्रौढांना कॉम्प्युटरवरून वाचायला शिकवण्याचं काम हाती घेतलं.

दुसरं उदाहरण कोबोलचं. ही भाषा १९५९ ची. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनात, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याकडे बेरोजगार भत्त्यासाठी अर्जांची रीघ लागली. ती जुनी यंत्रणा चालवायला गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांना जाहीर हाक द्यावी लागली.

पण याची दुसरी बाजूही आहे. ‘कालची पोरं, यांना काय कळतंय’ असं आपणही म्हणतोच. माझ्या टीममध्ये चोवीस वर्षांची मुलगी विचारते, ‘हे असंच का करायचं?’ वर्षानुवर्षं कुणी न विचारलेला प्रश्न असतो. मागे ते बदलताना काय बिघडलं होतं, हे पन्नाशीच्या सहकाऱ्याला आठवतं. दोघं शेजारी बसले की काम नीट होतं. आपल्या बागलाणच्या द्राक्षबागेत तरी वेगळं काय असतं? छाटणीला कुठला डोळा राखायचा ते वडील बघतात, पावसाचा अंदाज पोरगा मोबाइलवर बघतो.

आपल्या राज्यघटनेची १५ आणि १६ ही कलमं धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान अशा कारणांवरून भेदभाव करायला मनाई करतात. त्या यादीत वय नाही. अमेरिकेत चाळिशीपुढच्या नोकरदारांसाठी १९६७ पासून वेगळा कायदा आहे. आपल्याकडे खासगी नोकरीत बरंचसं माणूस नेमणाऱ्याच्या मनावर असतं.

आणि नेमणारे इथेच बसले आहेत. कुणाचं दुकान आहे, कुणाचा दवाखाना, कुणाची शाळा, कुणी कांद्याचा व्यापार करतं. पुढची जाहिरात देताना ‘वय ३० च्या आत’ ही ओळ कामाला खरंच लागते का, एवढं बघा. मुलं मोठी करून पुन्हा नोकरी शोधणाऱ्या मैत्रिणींना ती ओळ दारातच अडवते. त्यांचं शिक्षण, त्यांची हुशारी या शाळेनं पाहिलेली आहे.

१८७०-७१ च्या दुष्काळात यशवंतराव महाराजांनी भुकेल्यांसाठी सरकारी खजिना उघडला. जन्म १८१५ चा, म्हणजे मामलेदारांचं वय पंचावन्नच्या आसपास. ‘तरुण, उत्साही उमेदवार हवा’ अशी अट असती, तर सटाण्याला देवमामलेदार लाभलेच नसते!