हवेतील अदृश्य विष कसे मोजतात?



धूर दिसला की आपण नाकाला रुमाल लावतो. पण कार्बन मोनॉक्साइड हा वायू दिसत नाही आणि त्याला वासही नाही. पेट्रोल, कोळसा, लाकूड किंवा गॅस अपुऱ्या हवेत जळला की तो तयार होतो. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला २०० पटींहून अधिक ओढीने धरते. मग शरीराला प्राणवायू कमी पडतो. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. प्रमाण फार वाढले तर जीव जातो.

मग जे नाकाला कळत नाही ते मोजायचे कसे? रसायनशास्त्रातील जुनी पद्धत सोपी आहे. मोजलेली हवा आधी शुद्ध व कोरडी करून घेतात, कारण इतर वायूंमुळे हिशेब चुकतो. नंतर ती सुमारे १५० अंश सेल्सियसला तापवलेल्या आयोडीन पेंटॉक्साइडवरून नेतात. कार्बन मोनॉक्साइडचे पाच रेणू आयोडीनचा एक रेणू मोकळा करतात. हे आयोडीन पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात धरून सोडियम थायोसल्फेटने त्याचे अनुमापन करतात. स्टार्चचा निळा रंग गेला की थांबायचे.

विद्यार्थ्यांनी हे गणित करून पाहावे. ०.००१ नॉर्मल थायोसल्फेटचा १ मिलिलिटर म्हणजे ७० मायक्रोग्रॅम कार्बन मोनॉक्साइड. तो ३५ लिटर हवेत सापडला, तर प्रमाण घनमीटरला २ मिलिग्रॅम झाले. भारतात २००९ साली ठरलेली आठ तासांच्या सरासरीची मर्यादा नेमकी हीच आहे; एका तासासाठी ती ४ मिलिग्रॅम आहे. ब्युरेटमधून ०.०५ मिलिलिटरचा एक थेंब जास्त पडला, तरी उत्तर ०.१ मिलिग्रॅमने बदलते. प्रयोगशाळेत शिक्षक थेंबाथेंबासाठी का रागावतात, ते यावरून ध्यानात यावे!

आज शहरातील मापन केंद्रांवर हे काम अवरक्त किरणांची यंत्रे करतात. हा वायू ठराविक तरंगलांबीचे किरण शोषतो, त्यावरून प्रमाण कळते. तरीही ज्ञात प्रमाणाचा वायू सोडून यंत्र वरचेवर तपासावेच लागते.

पालकहो, घरी असे यंत्र नसते. तेथे सावधगिरी हेच साधन. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. गॅसचा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवा. कोणी आत बेशुद्ध पडल्यास आधी दारे-खिडक्या उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि विलंब न लावता रुग्णालयात न्या. मुलांनी शाळेत शिकलेले हे रसायनशास्त्र घरातल्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगावे, एवढीच माझी विनंती आहे.