विद्यापीठांतील संशोधन आणि त्याची पोच



विद्यापीठांत एवढें संशोधन होतें, तें कोणाच्या उपयोगी पडतें, हा प्रश्न शहरांतील सुशिक्षित घरांत चहाच्या वेळीं जितक्या सहजपणें निघतो, तितक्याच सहजपणें तो आमच्या घनसावंगीच्या पारावरहि निघतो. शहरांत त्यामागें कर भरणाऱ्याची कुरकुर असते; आमच्याकडे त्यामागें थोडी थट्टा असते. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. त्यामुळें विद्यापीठाविषयीं मी बोलतों तें अंगणांत उभ्या राहिलेल्या माणसाप्रमाणें बोलतों, हें आरंभींच सांगतों. पण अंगणांतल्या माणसालाहि घरांत काय चाललें आहे हें विचारण्याचा हक्क आहे, कारण घर त्याच्याच पैशानें उभें राहिलें आहे. मला इतकेंच वाटतें कीं, ‘उपयोग काय’ हा प्रश्न आपण चुकीच्या वेळीं विचारतों, आणि जो विचारावयाचा तो विचारीतच नाहीं.

ज्या विद्यापीठाच्या कक्षेंत आमचा तालुका येतो त्याचेंच उदाहरण घेऊं. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजीं झाली. उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्तें झालें आणि पहिले कुलगुरु डोंगरकेरी हे होते. तोंपर्यंत मराठवाड्यांतील महाविद्यालयें हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशीं जोडलेलीं होतीं. १४ जानेवारी १९९४ रोजीं या विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें नांव जोडलें गेलें, आणि त्याच वर्षीं नांदेड येथें वेगळें विद्यापीठ निघाल्यावर याच्याकडे चार जिल्हे राहिले : छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, तसेंच जालना, बीड आणि धाराशिव. नांवाच्या त्या प्रश्नापायीं या प्रदेशांत माणसांनीं प्राण वेचले आहेत. घरेंदारें जळालेलीं ज्यांनीं पाहिलीं, त्यांना विद्यापीठ हें परकें वाटत नाहीं; तें आपलें असावें म्हणून त्यांनीं किंमत मोजली आहे. ‘आम्हांला काय मिळालें’ असें त्यांपैकीं एखाद्यानें विचारलें, तर तें थट्टेवारी नेतां येत नाहीं.

आतां या विद्यापीठांत झालेल्या कामाचा विस्तार पाहा. आमच्याच जालना जिल्ह्यांत भोकरदन हें गांव आहे. सांची व भरहुत येथील दानलेखांत ‘भोगवर्धन’ या नगराच्या रहिवाशांचा उल्लेख येतो, तें भोगवर्धन म्हणजे हें भोकरदन. १९७३ सालीं नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनीं मिळून तेथें उत्खनन केलें, आणि डॉ. शां. भा. देव व डॉ. रमेश शंकर गुप्ते यांनीं त्याचा वृत्तांत पुढल्याच वर्षीं प्रसिद्ध केला. तेथें एक भग्न हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली. इटलींतील पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. त्या शहराच्या उत्खननांत १९३८ सालीं एक भारतीय हस्तिदंती मूर्ति मिळाली होती. तिच्याशीं भोकरदनच्या मूर्तीचें साम्य इतकें, कीं पाँपेईची मूर्तिहि याच भागांतून गेली असावी असा तर्क मांडला गेला. तर्क तो तर्कच. तो सिद्ध झाला आहे असें मी म्हणणार नाहीं. पण भोकरदनच्या बाजारीं जनावरें विकावयास जाणाऱ्या माणसाला, आपण ज्या मातीवर उभे आहों तेथून दोन हजार वर्षांपूर्वीं रोमन लोकांशीं व्यापार चालत असे, हें कळलें तर तो त्या मातीकडे वेगळ्या दृष्टीनें पाहील. याला ‘उपयोग’ म्हणावयाचें कीं नाहीं, हें ज्यानें त्यानें ठरवावें. मी म्हणतों.

दुसरें उदाहरण हवेचें आहे. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक श्री. त्रिं. टिळक यांनीं हवेंतून वाहणाऱ्या बुरशीच्या बीजाणूंचा अभ्यास या विद्यापीठांत रुजविला. त्यासाठीं त्यांनीं एक यंत्रहि तयार केलें. एका फिरत्या नळकांड्यावर पारदर्शक पट्टी बसविलेली असते. आंत ओढलेल्या हवेंतील कण तीवर चिकटत राहतात, आणि सलग आठ दिवसांचा हिशेब त्या एका पट्टीवर उमटतो. मग ती सूक्ष्मदर्शकाखालीं धरून कोणत्या दिवशीं कोणत्या बुरशीचे बीजाणू किती आले, हें मोजावयाचें. हवेंतले डाग मोजीत बसणें हा प्रथमदर्शनीं रिकामटेकडा उद्योग वाटेल. परंतु पिकावरील कित्येक रोग हवेंतूनच येतात. शेतांत डाग दिसण्यापूर्वीं ते हवेंत दिसतात. आणि याच रीतीनें अजिंठ्याच्या लेण्यांतील हवाहि तपासली गेली, कारण दीड हजार वर्षांहून जुन्या चित्रांना बुरशीपासून धोका असतो. भुईमुगाचें शेत आणि बोधिसत्वाचें चित्र या दोहोंना एकच पट्टी लागू पडेल, असें यंत्र बनविण्यापूर्वीं कोणीं विचारलें असतें, तर टिळकांना कदाचित् उत्तर देतां आलें नसतें. म्हणून म्हणतों कीं, ‘उपयोग काय’ हा प्रश्न आधीं विचारूं नये.

त्याच विभागांतील डॉ. वसंत नाईक यांनीं मराठवाड्यांतील वनस्पतींची नोंद करणारा दोन खंडांचा ग्रंथ १९९८ सालीं प्रसिद्ध केला. जायकवाडीचा डावा कालवा आमच्या तालुक्यांतून गेला आणि ऊस व मोसंबी यांनीं शिवार व्यापलें. बांधावरच्या कित्येक वनस्पति आतां मुलांना ओळखूं येत नाहींत. त्या ग्रंथांत त्यांची ओळख नांवगांवासह बांधून ठेवली आहे. प्राणिशास्त्रांत गो. बा. शिंदे यांनीं व त्यांच्या शिष्यांनीं मासे, पक्षी, शेळ्यामेंढ्या यांच्या आंतड्यांतील पट्टकृमींचें वर्णन करण्यांत वर्षेंच्या वर्षें घालविलीं. या विषयाचें नांव काढतांच लोक हसतात. मेंढपाळ मात्र हसत नाहीं. पदार्थविज्ञान आणि रसायन या शाखांत पुष्कळ काम झालें आहे. सूक्ष्मलहरींच्या साहाय्यानें द्रवांचे विद्युत्-गुण तपासण्याचें काम तर नांवाजलेलें आहे. परंतु तें मला नीट समजत नाहीं, आणि जें समजत नाहीं त्याचा गौरव करण्याची मला हौस नाहीं.

मराठी विभागाविषयीं मात्र बोलतां येतें. डॉ. यू. म. पठाण यांनीं महानुभाव आणि संतवाङ्मय यांचा अभ्यास येथें चालविला. पुढें १९९० सालीं पुण्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. डॉ. गंगाधर पानतावणे यांनीं १९६७ पासून ‘अस्मितादर्श’ चालविलें, आणि ज्या लेखनाला पूर्वीं कोणी वाङ्मय म्हणावयास तयार नव्हतें, त्यावर पुढें प्रबंध लिहिले जाऊं लागले. आमच्या तालुक्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मस्थान. पण समर्थांचीं बाडें जमविण्याचें मोठें काम धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांनीं केलें, आणि ते विद्यापीठांतील अध्यापक नव्हते, वकील होते. विद्यापीठाबाहेरहि संशोधन होतें, आणि कधीं कधीं अधिक निष्ठेनें होतें, एवढेंच नमूद करून पुढें जातों.

शेतीचें विद्यापीठ निराळें, परभणीचें. तें १९७२ सालीं स्थापन झालें. पारावरचा माणूस हा भेद करीत नाहीं, म्हणून मीहि करीत नाहीं. त्याचें एक संशोधन केंद्र आमच्या जिल्ह्यांतच, बदनापूरला आहे. तुरीला ‘वांझ’ नांवाचा रोग येतो. झाड हिरवेंगार दिसतें, वाढतें, पण त्याला फूल येत नाहीं आणि शेंग धरत नाहीं. डोळ्यांना दिसणार नाहीं इतका बारीक कोळी हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. दुसरा रोग ‘मर’. त्यांत उभें झाड वाळतें. बदनापूरच्या संशोधकांनीं या दोन्ही रोगांना दाद न देणारी ‘बीएसएमआर ७३६’ ही लाल तूर दिली, आणि पुढें लौकर येणारी ‘बीडीएन ७११’ ही पांढरी तूर दिली. ज्या वर्षीं पाऊस आश्विनापूर्वींच पाठ फिरवितो, त्या वर्षीं लौकर येणाऱ्या तुरीचा अर्थ काय होतो, हें शहरांतल्या वरणभात खाणाऱ्या श्रोत्यांना सांगावें लागेल. आमच्याकडे लागत नाहीं. आमचा माणूस दुकानांत जाऊन ‘सातशे अकरा द्या’ म्हणतो. त्या आंकड्यामागें किती वर्षांची निवड आहे, तें काम कोणीं केलें, तें आपल्याच जिल्ह्यांत झालें, यांतलें त्याला कांहींहि ठाऊक नसतें. पिशवी त्याच्यापर्यंत पोंचली. ज्ञान वाटेंतच राहिलें.

माझी तक्रार येथें सुरू होते. कांहीं वर्षांपूर्वीं एक संशोधक विद्यार्थी आमच्या भागांत जात्यावरच्या ओव्या गोळा करावयास आला. कोणत्या विद्यापीठाचा, तें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. मुलगा सालस होता. शाळेंतला म्हणून त्याला चार घरांत मींच नेलें. सत्तरी ओलांडलेल्या बायांनीं आधीं आढेवेढे घेतले. मग एकीनें म्हटलें, दुसरीला आठवलें, आणि दोन दिवसांत त्याच्या वह्या भरल्या. निघतांना त्यांतल्या एका आजीनें विचारलें, “भाऊ, बुक झाल्यावर दाखवशील का?” तो ‘हो’ म्हणाला. त्याला पदवी मिळाल्याचें मीं ऐकलें. प्रबंध गांवांत आला नाहीं. ती आजी आतां नाहीं. तिच्या सुनेला त्यांतल्या निम्म्या ओव्याहि येत नाहींत. म्हणजे त्या ओव्या आतां कोठें असतील तर त्या एका कपाटांत आहेत, आणि ज्या घरांतून त्या निघाल्या त्या घराला त्या कपाटाचा पत्ता माहीत नाहीं. त्या मुलाला मी फारसा दोष देत नाहीं. प्रबंध कोणाला दाखवावयाचा, याविषयींच्या त्याच्या नियमांत परीक्षक होते, आजी नव्हती.

विज्ञानाच्या प्रबंधांत तर दुसरीहि भिंत आहे. ते इंग्रजींत असतात. असावेतहि, जपानांतल्या बुरशीच्या अभ्यासकालाहि ते वाचतां आले पाहिजेत. पण मराठींत वीस पानांचा सरळ सारांश लिहावयास सांगितला, तर संशोधकाचें नुकसान काय होईल? उलट, जें मराठींत सांगतां येत नाहीं तें आपल्याला स्वतःला कितपत समजलें आहे, हें त्याला कळून येईल. सर्वच प्रबंध या कसाला उतरणार नाहींत, हेंहि मी जाणतों. पदोन्नतीच्या अटींनीं प्रबंधांची संख्या वाढली, आणि त्यांबरोबर उसनवारीहि वाढली. इतकी, कीं विद्यापीठ अनुदान आयोगाला २०१८ सालीं वाङ्मयचौर्याविरुद्ध स्वतंत्र नियम करावे लागले. आतां यंत्र साम्य मोजतें, आणि शेंकडा दहापर्यंत साम्य असल्यास दंड नाहीं. पण नक्कल पकडण्याचा याहून स्वस्त उपाय म्हणजे तो सारांश. ज्या गांवाविषयीं प्रबंध आहे त्या गांवच्या शाळेंत तो वाचून दाखवावा. गांवांतलीं माणसें चूक तेथल्या तेथें दाखवितील, आणि त्यांना शेंकडेवारी लागणार नाहीं.

एक सोय मात्र झाली आहे, आणि ती सांगावयास हवी. २००९ च्या नियमांनीं प्रबंधाची संगणकीय प्रत देणें आवश्यक केलें, आणि ‘शोधगंगा’ या संग्रहांत देशांतील विद्यापीठांचे प्रबंध कोणालाहि विनामूल्य पाहतां येतात. ज्या श्रोत्यांच्या घरीं हें साधन आहे त्यांनीं एका संध्याकाळीं आपल्या मूळ गांवाचें किंवा तालुक्याचें नांव घालून पाहावें. मात्र जुन्या कामांत शोधतांना जुनीं नांवें घालावीं लागतात. जालना हा जिल्हा १ मे १९८१ रोजीं झाला. त्यापूर्वींचें काम औरंगाबाद जिल्ह्याच्या नांवाखालीं असतें. आमच्या घनसावंगीविषयीं कोणाला पाहावयाचें असेल तर त्यांनीं ‘अंबड’ हें नांव घालावें, कारण वेगळा तालुका होण्यापूर्वीं आम्ही अंबड तालुक्यांत होतों.