दोन्ही बाजूंची बातमी

बातमी देताना दोन्ही बाजू द्याव्यात, हा पत्रकारितेचा पहिला धडा. निवडणूक असो, कोर्टकज्जा असो, तो योग्यच आहे. पण श्रोतेहो, हवामानबदलाच्या बाबतीत याच धड्याने वाचकांची दिशाभूल कशी केली, ते आज पाहू.

जून १९८८ मध्ये ‘नासा’चे शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे सांगितले, की पृथ्वी तापते आहे, हे आपण ९९ टक्के खात्रीने म्हणू शकतो. पुढे संशोधन वाढत गेले, तसे हे मत पक्के होत गेले. २००४ मध्ये नाओमी ओरेस्केस यांनी १९९३ ते २००३ या काळातल्या ९२८ शोधनिबंधांचे सारांश तपासले. तापमानवाढीला माणूस कारणीभूत आहे, हे नाकारणारा एकही निबंध त्यांना आढळला नाही.

आता वर्तमानपत्रांकडे वळू. त्याच वर्षी मॅक्सवेल आणि जूल्स बॉयकॉफ या बंधूंनी अमेरिकेतल्या चार नामांकित दैनिकांमधला १९८८ ते २००२ या काळातला मजकूर अभ्यासला. ६३६ बातम्या-लेखांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी ‘माणूस जबाबदार’ आणि ‘हे निसर्गाचेच चक्र’ या दोन्ही मतांना सारखेच महत्त्व दिलेले होते. एका पारड्यात शेकडो शास्त्रज्ञ, दुसऱ्यात मूठभर शंकेखोर आणि तराजूचा काटा मात्र मधोमध! यातल्या काही शंकेखोरांच्या पाठीशी तेल आणि कोळसा उद्योगांचा पैसा होता, हे वाचकाला क्वचितच कळत असे.

बातमीदारांनी खोटे लिहिले नव्हते. पण वाचकाने काय समजावे? ‘शास्त्रज्ञांचेच अजून ठरत नाही, तर आपण घाई कशाला करा?’ २००१ मध्ये अमेरिकेने क्योटो कराराकडे पाठ फिरवली, तेव्हा विज्ञानाचे ज्ञान अपुरे असल्याचे कारणही पुढे करण्यात आले होते. अशी वर्षे हातची गेली. धुराड्यातून बाहेर पडलेला कार्बन काही परत येत नाही.

२०१८ मध्ये बीबीसीने आपल्या पत्रकारांना बजावले, की तोल साधण्यासाठी हवामानबदल नाकारणाऱ्याला बोलावण्याची गरज नाही. हे शहाणपण यायला तीस वर्षे लागली.

म्हणून उद्या अशी बातमी वाचताना दोन प्रश्न जरूर विचारा. बोलणाऱ्याचा हा अभ्यासाचा विषय आहे का? आणि त्याच्या मताचे किती अभ्यासक आहेत? तोल सांभाळणे म्हणजे दोन्ही पारडी सारखी करणे नव्हे. ज्यात जेवढे वजन असेल, तेवढेच दाखवणे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)