तिफणीची किंमत कोणी ठरवावी?

झरीसारख्या गावच्या काळ्या रानात चालणारी तिफण गावचा सुतार बाभळीच्या लाकडातून घडवी. फण किती तिरपे, दोन ओळींत अंतर किती, हे पेरणाऱ्याला विचारूनच ठरे. मोबदला सुगीच्या धान्यात, बलुत्याच्या रूपाने मिळे. त्या व्यवस्थेने सुताराला जातीत जखडले होते. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु अवजार करणारा आणि वापरणारा एकमेकांसमोर उभे होते, हे विसरता येत नाही.

पुढे अवजार कारखान्यात गेले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली बेळगावात लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीने शेतकरी तो घेईनात. त्यांची खात्री पटली तेव्हाच तो खपला. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

आता पेरणीयंत्र ट्रॅक्टरमागे चालते. सप्टेंबर 2025 मध्ये ट्रॅक्टरवरील कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला. तरी अनेक कोरडवाहू अल्पभूधारकांना पेरणी भाड्यानेच करून घ्यावी लागते. यंत्र देशी झाले, एवढ्याने स्वावलंबन पुरे होत नाही. आराखडा आणि किंमत ठरविताना परभणीचे कृषी विद्यापीठ, कारागीर व शेतकरी एकत्र बसले पाहिजेत. ही मागणी ग्रामसभेतूनच उठावी.