महासीर नयारमधून परततो तेव्हा

कोपर्निकस मार्गावरच्या या जुन्या महाराष्ट्र सदनात माशांचा विषय नेहमीच निघतो, पण तो पापलेट-सुरमईचा. आज ज्या माशाबद्दल बोलणार आहे तो ताटात आणायचा नाही. ज्यांची निराशा झाली त्यांनी दाराजवळच्या खुर्च्या घ्याव्यात, मी रागावणार नाही.

स्कॉटलंड, कॅनडा, अलास्का इथे शरद ऋतूत साल्मन समुद्रातून नदीत चढतो आणि फ्लाय फिशिंगवाले कमरेएवढ्या पाण्यात उभे राहतात. आपल्याकडे साल्मन नाही, पण महासीर आहे, आणि त्याचा हंगामही याच सुमारास येतो. फरक एवढाच, की आपला मासा तेव्हा उलट दिशेने निघालेला असतो.

देवप्रयागच्या खाली व्यासघाट नावाचं गाव आहे. तिथे नयार नदी गंगेला मिळते. गंगा बर्फाची, म्हणून थंड. पावसाळ्यात तर गढूळ आणि बेफाम. नयार दूधातोलीच्या जंगलात उगम पावते, पावसावर आणि झऱ्यांवर चालते, म्हणून तिचं पाणी उबदार. पूर आला की सोनेरी महासीर गंगेतून नयारमध्ये चढतो, गोट्या-खडीत अंडी घालतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी उतरून निवळू लागलं की पुन्हा गंगेत येतो. पॅसिफिकचा साल्मन अंडी घालून मरतो. महासीर वर्षानुवर्षं ही ये-जा करतो. शिवाय साल्मन नदीत चढल्यावर जवळपास काहीच खात नाही. आपला मासा मात्र उतरताना भुकेला असतो, आणि संगमावर छोट्या माशांची झुंबड असते. म्हणून दसऱ्याच्या आगेमागे संगमावर उभं राहायचं.

फ्लाय म्हणजे पिसं, केस आणि दोरा गळावर गुंडाळून केलेलं नकली भक्ष्य. ट्राउटसाठी किड्यासारखी करतात, महासीरसाठी लहान माशासारखी. तिला वजन नसतं, त्यामुळे साध्या गळासारखी फेकता येत नाही. इथे वजन दोरीला असतं. नऊ फुटी रॉड मागे न्यायचा, दोरी पाठीमागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, मग पुढे. ते थांबणं शिकायलाच माणसाला वर्ष लागतं. फौजेत आम्हाला घाई शिकवत नाहीत असं लोक म्हणतात. त्यांनी आमच्यापैकी कोणाला पहिल्यांदा फ्लाय टाकताना पाहावं.

नयारचं निवळ पाणी गंगेच्या राखाडी पाण्याला भिडतं तिथे एक रेघ दिसते. त्या रेघेच्या आत फ्लाय वाहू द्यायची. महासीरच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात, आणि तो भक्ष्य चिरडून गिळतो. धडक बसली की पहिल्या धावेत तो सरळ मुख्य प्रवाहात शिरतो. एका ऑक्टोबरमध्ये माझ्या रीलवरची सगळी दोरी संपली, मागची बारीक दोरीही अर्ध्यावर आली, आणि मी दगडांवरून धडपडत खाली पळत होतो. बरोबरचा गढवाली गाईड शांतपणे म्हणाला, ‘साब, दौड़िए मत, वो थकेगा.’ वीस मिनिटांनी मासा हाती आला. आठेक किलोचा असेल. खवले रुपयाच्या नाण्याहून मोठे, कडेने सोनेरी.

आणि तो सोडून दिला. इथे माझी पत्नी नेहमी विचारते, सोडायचाच होता तर त्या बिचाऱ्याला त्रास कशाला दिलात? प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. माशाला त्रास होतो. आम्ही गळाचा उलटा काटा चेपून टाकतो, हात ओले करून धरतो, पाण्याबाहेर काढत नाही, प्रवाहाकडे तोंड करून तो स्वतः निसटेपर्यंत आधार देतो. तरीही होतो. पण ज्या काठावर गळवाले येतात तिथे गावाला चार पैसे मिळतात, आणि मग रात्री डोहात सुरुंग किंवा ब्लीचिंग पावडर टाकणाऱ्याला गावच अडवतं. सुरुंगाने बोटभर पिल्लंही मरतात. या दोहोंत मी निवड केली आहे. माझ्या पत्नीने केलेली नाही.

महासीरचं आणि आपलं नातं जुनं आहे. दख्खनचा महासीर शास्त्रात ‘टॉर खुद्री’ या नावाने ओळखला जातो. ते ‘खुद्री’ आपल्याकडच्या स्थानिक नावावरून आलं. लेफ्टनंट कर्नल साइक्स या फौजी माणसाने १८३९ साली मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं वर्णन केलं. आज पुण्याच्या पुलावरून खाली बघितलं तर यावर विश्वास बसणार नाही. पुढे १९७० च्या दशकात लोणावळ्याला वळवणच्या तलावाशी टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी त्याचं कृत्रिम प्रजनन साधलं. फार मोठं काम. बोटुकली देशभर गेली, कावेरीतही. तिथे मात्र आपला खुद्री इतका फोफावला, की कावेरीचा मूळचा कुबड्या महासीर मागे पडला. १९४६ मध्ये काबिनी नदीत १२० पौंडांचा महासीर गळाला लागला होता, तो त्याच जातीचा. २०१८ पासून ती अतिसंकटग्रस्त यादीत आहे. धरणं आणि सुरुंग हीही कारणं आहेतच. पण मासा वाचवायचा तर कुठला मासा कुठल्या नदीत, हे आधी बघावं लागतं.

सोनेरी महासीरही संकटग्रस्त आहे. त्याला वर-खाली जायला वाट हवी. टिहरीच्या भिंतीने भागीरथीत ती बंद केली. आता काली आणि सरयू जिथे मिळतात त्या पंचेश्वरला, भारत-नेपाळच्या १९९६ च्या महाकाली करारानुसार, तीनशे मीटरहून उंच धरण प्रस्तावित आहे. ते झालं तर तो संगमच पाण्याखाली जाईल. पाणी आणि वीज दोन्ही देशांना हवी आहे, हे सीमेवर नोकरी केलेल्या मला कोणी समजावू नये. पण एवढ्या उंच भिंतीवरून मासा चढवायची शिडी अजून कोणी बांधलेली नाही. नयार अजून मोकळी आहे. ज्यांना बघायचं आहे त्यांनी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जावं, परवाना आधी काढावा, आणि पहाटे पाचला पाण्याशी असावं. दुर्बीण घेतली तरी चालेल, रॉड हवाच असं नाही.

आता प्रश्न घेऊ या.