‘पत्रिका जुळत नाही’ आणि इतर कारणं

स्थळाला नकार देताना आपल्याकडे ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणतात. पगार कमी वाटला असो की आत्याबाईंनी नाक मुरडलं असो, पत्रिकेवर ढकललं की अपमान होत नाही आणि कुणी वादही घालत नाही.

स्टार्टअपला पैसे देणाऱ्यांकडेही अशा पत्रिका असतात. २००८ साली एअरबीएनबीच्या ब्रायन चेस्कीनं दीड लाख डॉलर उभे करण्यासाठी सात गुंतवणूकदारांकडे शब्द टाकला. पाचांनी नकार कळवला, दोघांनी उत्तरच दिलं नाही. ती पत्रं त्यानं २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. एकाला बाजारपेठ पुरेशी मोठी वाटली नव्हती, दुसरा म्हणाला की हे आमचं क्षेत्र नाही.

अर्जदार बिचारा पत्रिका खरी मानतो. बाजारपेठ लहान म्हणाले ना? मग महिनाभर बसून आकडे फुगवतो आणि पुन्हा अर्ज करतो. परीक्षकांची शंका कदाचित वेगळीच असते: हा माणूस एका तरी गिऱ्हाइकाला भेटलाय का? पण ते त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

उलट उदाहरण २००५ चं, नवख्या स्टार्टअपना पैसे आणि मार्गदर्शन देणाऱ्या वाय कॉम्बिनेटरच्या पहिल्याच तुकडीचं. स्टीव्ह हफमन आणि ॲलेक्सिस ओहानियन व्हर्जिनियाहून बोस्टनजवळच्या केंब्रिजला मुलाखतीला आले. कल्पना होती मोबाइलवरून जेवण मागवण्याची, तीही आयफोन यायच्या दोन वर्षं आधी! रात्री नकार आला. दुसऱ्या दिवशी ते परतीच्या गाडीत असताना वाय कॉम्बिनेटरच्या पॉल ग्रॅहॅमचा फोन: कल्पना आवडली नाही, तुम्ही दोघं आवडलात, दुसरं काहीतरी करा. त्यातून रेडिट उभं राहिलं. नकार कल्पनेला आहे की माणसांना, एवढं एकच त्यांना कळलं आणि तेवढंच पुरेसं होतं.

ड्रू ह्यूस्टनलाही २००५ मध्ये वाय कॉम्बिनेटरकडूनच नकार मिळाला होता, एसएटी या अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेश परीक्षेच्या शिकवणीच्या कंपनीसाठी. २००७ मध्ये तो ड्रॉपबॉक्स घेऊन आला, तेव्हा त्याला सांगण्यात आलं की आधी एक भागीदार शोध. असं नेमकं काम हातात पडलं की माणूस उठून कामाला लागतो. त्याला अराश फिरदौसी मिळाला.

मग सगळेच असं का सांगत नाहीत? वेळ नसतो, हे खरंच आहे. वाय कॉम्बिनेटरसुद्धा मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्यांनाच कारण कळवतं. नुसत्या अर्जावर बाद झालेल्या हजारोंना छापील पत्रच जातं. पण माझ्या मते अडचण वेळेपेक्षा मोठी आहे. बरेचसे अर्ज वाईट नसतात, ते फक्त कुणाच्या मनात भरत नाहीत. मनात न भरण्याचं कारण काय लिहिणार? शिवाय खरं कारण पुष्कळदा माणूसच असतो. मुलाखतीत एक भागीदार दुसऱ्याचं वाक्य तोडत राहिला, हे पत्रात लिहायचं धाडस कोण करतो? (मी लिहीन. शिव्या खाईन, पण लिहीन.) आणि कारणच सापडत नसेल, तर ‘आम्हाला पटलं नाही’ असं सरळ म्हणावं, उगाच बाजारपेठेला बदनाम करू नये. बेसेमर ही गुंतवणूक कंपनी तर आपण नाकारलेल्या गूगल, ॲपल, फेडएक्सची यादी स्वतःच जाहीरपणे मांडते. एवढा मोकळेपणा इतरांना का परवडू नये?

सभागृहातल्या तरुणांना एक सुचवतो. मुलाखतीनंतर नकार आला, तर ‘आमचं काय चुकलं?’ असं विचारू नका. त्याला गुळमुळीतच उत्तर येतं. दोन ओळींत एवढंच विचारा: आमच्या कोणत्या उत्तराला तुमचं मत फिरलं?