नव्या बॅटरीचा संस्कार

नवी वस्तू घरात आली, की तिला एकदम कामाला जुंपू नये, अशी जुन्या माणसांची शिकवण आहे. बिडाचा नवा तवा तेल माखून दोनचारदा तापवल्यावाचून त्यावर घावन घालीत नाहीत. मातीचा नवा माठ आधी पाण्यात भिजवून ठेवतात. या रीती निराधार नव्हेत. तापलेल्या तेलाचा पातळ थर तव्यावर बसतो, आणि मग घावन तव्याला धरत नाही.

मोबाइल फोन घरोघरी आला, तेव्हा त्याच्या बॅटरीलाही असाच एक संस्कार जडला. 'सुरू करण्यापूर्वी आठ-बारा तास चार्ज करा, मग पार संपेपर्यंत वापरा, आणि असे तीनदा करा', हा कानमंत्र दुकानदाराने गिऱ्हाइकाला दिला आणि वडिलांनी मुलांना. मुलगी रात्रीच्या गाडीने परगावी शिकावयास निघालेली असते. तिच्या हाती नवा फोन हवा असतो. आणि तो मात्र सकाळपासून तारेला जखडून ठेवलेला असतो. वडिलांच्या मनात काळजीच असते, यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की त्या नियमाला आज काही आधार उरला आहे काय?

एके काळी तो होता. निकेल-कॅडमियमचा विद्युत्-घट स्वीडनमधील वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ साली तयार केला. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस सुखराम यांच्याशी बोलून भारतातील मोबाइल सेवेचा प्रारंभ केला. त्या सुमाराच्या फोनांत हा घट, किंवा त्याचा भाऊबंद निकेल-मेटल हायड्राइड घट, सर्रास आढळे. असा एक घट सुमारे १.२ व्होल्टच देतो. म्हणून फोनसाठी अनेक घटांची माळ करावी लागे. दुकानात पडून राहिलेल्या माळेतील घट कमीअधिक रिते होत. सावकाश आणि दीर्घकाळ चार्ज केले, की मागे पडलेले घट इतरांच्या बरोबरीस येत. शिवाय, कॅडमियमच्या घटात स्फटिक वाढून त्याची ताकद उणावे. त्यावर घट पूर्ण रिता करून पुन्हा भरणे हा उतारा होता. सारांश, कानमंत्र खोटा नव्हता. तो दुसऱ्या बॅटरीचा होता.

१९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तिच्या घडणीबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हिची प्रकृतीच निराळी. चार्ज होताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या पापुद्र्यांत शिरतात आणि वापरताना परत फिरतात. एकच घट सुमारे ३.७ व्होल्ट देत असल्याने फोनला बहुधा माळेची गरज नसते. मग बरोबरी साधण्याचा प्रश्नही उरत नाही.

आणि संस्कार म्हणाल, तर तो कारखान्यातच उरकलेला असतो. तेथे नवा घट प्रथम मंद प्रवाहाने चार्ज करतात. त्या वेळी थोडे लिथियम खर्ची पडून ग्राफाइटवर एक अतिसूक्ष्म थर बसतो. तो आयनांना वाट देतो. मात्र आतील द्रवाची नासाडी रोखून धरतो. तव्यावरच्या तेलाच्या थराचेच हे दुसरे रूप! त्यानंतर घट काही काळ ठेवून, पारखून मगच फोनात बसवतात. तयार करून दिलेला तवा घरी आणून पुन्हा तापवीत बसण्यात काय हशील?

बॅटरी भरली, की फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो. म्हणून बारा तासांत अधिक काही साठत नाही. दर वेळी ती पार संपवणे तर उलट झीज वाढवणारेच असते. रिता झालेला फोन महिनोन्‌महिने कपाटात पडला, तर घट इतका खाली उतरू शकतो, की तो कायमचा निकामी व्हावा. उष्णताही तिचा मोठा वैरी. पूर्ण भरलेला फोन उन्हात तापलेल्या मोटारीत ठेवणे विशेष वाईट. एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. शिल्लक टक्के दाखविणारे गणित कधी चुकू लागते. तेव्हा एकदा पूर्ण उतरवून पुन्हा भरल्याने आकडा ताळ्यावर येतो. पण ही दुरुस्ती मोजमापाची, बॅटरीची नव्हे.

तात्पर्य, नवा फोन हाती येताच खुशाल वापरावा, आणि सवडीने केव्हाही चार्ज करावा. वडीलधाऱ्यांच्या नियमाला नावे ठेवण्याचे कारण नाही. आपल्या काळी त्याने आपले काम चोख केले. मात्र नियम जपताना त्याचे कारणही जपून ठेवावे लागते. कारण कारण सरले, तरी नियम मागे उरतो, आणि गाडीची वेळ झाली असतानाही फोन तारेलाच अडकून राहतो.